शेणाचा गॅस युरोपची चूल पेटवेल का?

उत्तरवारा
शनिवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी,

जर्मनीच्या वायव्येला क्लोपेनबुर्ग आणि फेख्टा हे दोन जिल्हे लागून आहेत. या भागात मी अकरा वर्षं राहते आहे. इथे माणसांपेक्षा डुकरं आणि कोंबड्या कितीतरी जास्त. सायकल घेऊन निघालं की दर दोन-तीन किलोमीटरवर हिरव्या रबरी घुमटांच्या टाक्या दिसतात. आपल्या गावाकडच्या गोबर गॅसचंच हे मोठं भावंड. टाकीशेजारी मुरघासाचा, म्हणजे आंबवून साठवलेल्या हिरव्या मक्याचा, डोंगर, त्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर जुने टायर. पहिल्या वर्षी मला वाटलं, एवढा मुरघास म्हणजे गाई किती असतील! गाई थोड्याच होत्या, मका टाकीच खात होती.

२०२२ च्या शरद ऋतूत आमच्या घरगुती गॅसच्या महिन्याच्या हप्त्याचं पत्र आलं. रक्कम जवळजवळ तिप्पट. त्या हिवाळ्यात आम्ही एकच खोली गरम ठेवली आणि मुलांचा अभ्यास, जेवण, झोपणं सगळं तिथेच उरकलं. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी देते. युक्रेन युद्धाआधी, २०२१ मध्ये, युरोपीय संघ रशियाकडून सुमारे १५५ अब्ज घनमीटर गॅस घेत होता. मे २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने 'रीपॉवरईयू' ही योजना मांडली. त्यात २०३० पर्यंत दरवर्षी ३५ अब्ज घनमीटर बायोमिथेन बनवायचं, १ कोटी टन हरित हायड्रोजन (अक्षय विजेने पाण्यातून काढलेला) संघातच तयार करायचा आणि आणखी १ कोटी टन बाहेरून आणायचा असं ठरलं. २०२३ मध्ये अक्षय ऊर्जेचा सुधारित कायदा आला आणि एकूण ऊर्जेतला अक्षय वाटा २०३० पर्यंत ४२.५ टक्के करायचं बंधन पडलं. २०२४ मध्ये गॅसबाजाराचे नियम नव्याने लिहिले गेले. त्यात एक कलम फार बोलकं आहे: साध्या खनिज वायूचे दीर्घ मुदतीचे करार २०४९ च्या पुढे चालणार नाहीत.

आता प्रत्यक्ष स्थिती. २०२३ मध्ये सगळ्या युरोपात बायोगॅस आणि बायोमिथेन मिळून २२ अब्ज घनमीटरच्या आसपास तयार झालं. त्यातलं गॅसवाहिनीत सोडण्याजोगं शुद्ध बायोमिथेन पाच अब्जांच्या आतच. आणि संघाचा वर्षाचा एकूण वापर तीनशे अब्जांच्या वर. म्हणजे ३५ अब्जांचं लक्ष्य उद्या पुरं झालं तरी आजच्या वापराच्या दहाव्या हिश्श्याएवढाच गॅस हाती येईल.

वाद नेहमी 'किती बनेल' यावर रंगतो. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. हा दहावा हिस्सा कोणाच्या वाट्याला जाणार? घर गरम करणाऱ्या बॉयलरला, खतकारखान्याला, की वारा नसलेल्या जानेवारीतल्या वीजघराला? कागदावर सगळ्यांनाच तो मिळणार आहे. एकच पोळी पाच ताटांत पूर्ण वाढलेली दाखवावी तसं हे चाललंय, आणि त्यावर विसंबून लोक घरात नवे बॉयलर बसवताहेत. जाणकारांनी लिहावं.

चुलाणं
शनिवार, सकाळी १०:०५

उत्तरवारा ताई, धागा आवडला.

मी शिराळा तालुक्यातला. आमच्या परड्यात १९८६ साली गोबर गॅस बांधला. लोखंडी ड्रमचा, खादी ग्रामोद्योगवाला. आई सकाळी शेण कालवायची, आम्ही पोरं बादल्या ओतायचो. चार म्हशी होत्या तोवर दोन वेळचा स्वयंपाक त्यावर व्हायचा. थंडी पडली की मात्र ड्रम खाली बसायचा आणि आई परत लाकडावर. पुढं ड्रम गंजला, म्हशी दोनावर आल्या, सिलिंडर आला. खड्डा अजून आहे.

म्हणून दोन गोष्टी विचारतो. आमच्याकडं डिसेंबरात गॅस कमी पडायचा, तर तुमच्या बर्फात टाकी चालते कशी? आणि बायोगॅस व बायोमिथेन यात नेमका फरक काय? आम्ही तर सगळ्याला 'गॅस'च म्हणायचो.

उत्तरवारा
शनिवार, सकाळी ११:३०

चुलाणं दादा, टाकीतल्या जिवाणूंना चाळीस अंशांच्या आसपास ऊब लागते. इथे टाकीच्या भिंतीला ऊब धरून ठेवणारं जाड अस्तर असतं आणि आतून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या असतात. टाकीशेजारीच गॅसवर चालणारं इंजिन वीज बनवतं आणि त्याची वाया जाणारी उष्णता टाकीला देतात. बाहेर उणे दहा असलं तरी आत उन्हाळाच.

फरक असा. टाकीतून निघतो तो बायोगॅस. त्यात निम्म्याहून थोडं जास्त मिथेन असतं, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड. तुमच्या चुलीला तो चालायचा. शहराच्या वाहिनीत सोडायचा तर पाण्याने धुऊन, पडद्यातून गाळून किंवा रसायनात शोषून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढावा लागतो. मग मिथेन ९७ टक्क्यांच्या आसपास जातं. ते बायोमिथेन. खनिज वायूच्या जागी ते जसंच्या तसं चालतं, घरातली शेगडीही बदलावी लागत नाही.

जर्मनीची गाठ इथेच बसली आहे. इथे नऊ हजारांहून जास्त टाक्या आहेत, पण बहुतेक ठिकाणी गॅस जागेवरच जाळून वीज करतात, वाहिनीत सोडणारे थोडे. २००० साली अक्षय विजेचा कायदा आला आणि वीस वर्षं ठरलेल्या दराने वीज विकत घेण्याची हमी मिळाली. २००४ मध्ये मुद्दाम पिकवलेल्या मालाला वाढीव दर जाहीर झाला. मग काय, शेतकऱ्याने मका लावला. शेणापेक्षा मक्यातून टनामागे कितीतरी जास्त गॅस निघतो. गॅससाठीच्या मक्याखालचं क्षेत्र दहा लाख हेक्टरच्या घरात गेलं. जमिनीचे खंड वाढले आणि दुधावर जगणारा छोटा शेतकरी गॅसवाल्या शेजाऱ्यापुढे टिकेना. शेवटी २०१२ मध्ये टाकीत मका आणि धान्य ६० टक्क्यांहून जास्त घालायचं नाही अशी मर्यादा घातली गेली. इथे या प्रकाराला 'फेरमायसुंग' म्हणतात, म्हणजे मुलुख मकामय होणं.

पहिल्या टाक्यांची वीस वर्षं भरली आहेत, पुढच्यांची आता भरत आली आहेत. माझ्या घरापासून दोन शेतं पलीकडे एक शेतकरी आजोबा आहेत. त्यांची टाकी २००६ ची. हमी संपल्यावर काय करायचं, यावर त्यांच्या घरात रोज बोलणं होतं. त्यांच्याबद्दल नंतर लिहीन.

पाणकोंबडी
शनिवार, दुपारी २:१८

डेन्मार्कहून हजेरी. आमच्याकडची गोष्ट इतकी वेगळी आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

इथे ऐंशीच्या दशकापासून सामायिक टाक्यांची पद्धत रुजली. दहा-वीस गोठ्यांचं आणि डुक्करवाड्यांचं पातळ शेणमूत टँकरने एका ठिकाणी येतं, सोबत कत्तलखान्याचा आणि अन्नप्रक्रियेचा कचरा. गॅस काढल्यावर उरलेली स्लरी त्याच टँकरमधून शेतकऱ्याकडे परत जाते. ती शेतात फेकल्यावर वास कमी येतो आणि पिकाला नत्र लवकर लागू पडतं, त्यामुळे शेतकरी स्वतःहून पुढे येतो. मक्यासारख्या पिकांवर आधीच मर्यादा घातली आणि ती हळूहळू आणखी आवळली. आज डॅनिश वाहिनीतल्या गॅसमध्ये बायोमिथेनचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे.

हा आकडा युरोपभर परिषदांमधून दाखवला जातो, पण त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. टक्केवारी वाढली ती दोन्हीकडून. बायोमिथेन वाढलंच, पण एकूण गॅसचा वापर खूप घटला. घरं सामायिक गरम पाण्याच्या योजनांवर गेली, उरलेल्यांनी हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब विजेने घरात ओढणारी यंत्रं, बसवले. २०२२ च्या राजकीय करारात २०३० पर्यंत वाहिनीतला सगळा गॅस हिरवा आणि २०३५ पर्यंत गॅसवर गरम होणारं एकही घर नाही, ही दोन्ही लक्ष्यं शेजारीशेजारी लिहिली आहेत. ती एकत्र वाचली तरच अर्थ लागतो. घरं बाहेर पडली म्हणून गॅस पुरतो. जर्मनी किंवा इटली वापर तसाच ठेवून चाळीस टक्क्यांचं स्वप्न पाहत असेल, तर तेवढं शेण त्यांच्याकडे नाही.

आणखी एक, गळती. मिथेन हवेत सुटलं तर पहिल्या वीस वर्षांत ते कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून जास्त ऊब धरतं. आमच्या सरकारने टाक्यांवर मोजणी करवली तेव्हा सरासरी गळती अडीच टक्क्यांच्या आसपास निघाली. काही टाक्या उत्तम होत्या, काही फार वाईट. झाकण न घातलेली स्लरीची टाकी, सैल झडप, शुद्धीकरणाच्या धुराड्यातून निसटणारा वायू, अशी साधी कारणं. दुरुस्ती स्वस्त असते, पण कोणीतरी जाऊन मोजायला हवं. युरोपीय संघाचा २०२४ चा मिथेन नियम तेल, वायू आणि कोळसा यांच्यासाठी आहे. शेतातल्या टाक्या त्यात येत नाहीत. मला ही सगळ्यात मोठी उणीव वाटते.

रसायनी
शनिवार, सायंकाळी ६:४०

चर्चा शेणातच अडकली आहे, म्हणून हायड्रोजनबद्दल लिहितो. मी पुण्यात असतो. इलेक्ट्रोलायझरच्या, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्रांच्या, जुळणीच्या कामात सात वर्षं आहे आणि आमची बरीच यंत्रं युरोपात जातात.

युरोपीय संघ आज वर्षाला सत्तर-ऐंशी लाख टन हायड्रोजन वापरतो. जवळजवळ सगळा खनिज वायूपासून बनतो आणि मुख्यतः तेलशुद्धीकरण आणि अमोनियात, म्हणजे खतात, जातो. २०२३ च्या कायद्याने उद्योगांना सांगितलं की २०३० पर्यंत तुमच्या हायड्रोजनपैकी ४२ टक्के अक्षय विजेपासून बनलेला हवा, २०३५ पर्यंत ६० टक्के. दिशा मला पूर्ण पटते. खतकारखान्याला हायड्रोजनऐवजी दुसरं काही देताच येत नाही. पोलादात कोकिंग कोळशाऐवजी हायड्रोजन वापरणं हा सुद्धा खरा मार्ग आहे.

आता आकडे. एक किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज लागते. १ कोटी टनांना ५०० अब्ज युनिटच्या वर. फ्रान्स वर्षभरात जेवढी वीज बनवतो जवळपास तेवढी, आणि तीही नव्या पवनचक्क्या-सौरपटलांमधून. कारण २०२३ च्या नियमांप्रमाणे हायड्रोजनसाठीची वीज नव्या अक्षय प्रकल्पातूनच यायला हवी. २०२८ च्या आधी सुरू होणाऱ्या प्रकल्पांना यातून २०३८ पर्यंत सूट आहे. वीज आणि हायड्रोजन यांचा मेळ २०२९ अखेरपर्यंत महिन्याच्या हिशोबाने चालेल, २०३० पासून तासातासाचा घालायचा. उद्योग या नियमावर चिडलेला आहे. मी त्याच धंद्यात असूनही मला नियम योग्य वाटतो. तो नसता तर दिवसा सौरवीज हायड्रोजनने ओढली असती आणि रात्री तिची तूट कोळशाने भरली असती.

जुलै २०२४ मध्ये युरोपच्या लेखापरीक्षकांनी स्पष्ट लिहिलं की लक्ष्यं अतिमहत्त्वाकांक्षी आहेत आणि ती पुरेशा विश्लेषणावर आधारलेली नव्हती. जून २०२५ मध्ये आर्सेलरमित्तल या पोलाद कंपनीने ब्रेमेन आणि आयझेनह्युटेनश्टाट इथले हायड्रोजनकडे नेणारे पोलाद प्रकल्प सोडून दिले. १३० कोटी युरोचं सरकारी साहाय्य मंजूर असताना! दुसरीकडे जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ९,०४० किलोमीटरच्या हायड्रोजन वाहिन्यांच्या जाळ्याला मंजुरी दिली, त्यातल्या सुमारे ६० टक्के जुन्याच गॅसवाहिन्या. नळ ठरले, नळात काय वाहणार ते अजून ठरायचं आहे.

घरात हायड्रोजन जाळण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. १०० युनिट विजेचा हायड्रोजन करून बॉयलरमध्ये जाळला तर ५५-६० युनिट ऊब मिळते. तीच वीज हीट पंपाला दिली तर ३०० च्या आसपास. पाचपट फरक आहे. खनिज वायूत २० टक्के हायड्रोजन मिसळू असं काही जण म्हणतात, पण आकारमानाने २० टक्के म्हणजे ऊर्जेने फक्त ७. हायड्रोजन फार हलका असतो ना. त्या ७ टक्क्यांसाठी सगळ्या शहराच्या जोडण्या तपासायच्या?

मीटररीडिंग
शनिवार, रात्री ९:५५

मी ग्रोनिंगनचा रहिवासी. नेदरलँड्सच्या उत्तरेला. रसायनींचं गणित बरोबर आहे, तरी मी थोडा विरोधात लिहिणार आहे.

आमच्या पायाखाली १९५९ मध्ये युरोपातलं सगळ्यात मोठं गॅसक्षेत्र सापडलं आणि साठ वर्षं त्याने हा देश उबदार ठेवला. मग जमीन हलायला लागली. २०१२ मध्ये हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. आकडा लहान वाटतो, पण केंद्र फार उथळ होतं आणि घरं विटांची. माझ्या सासऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली आणि नुकसानभरपाईच्या कागदांत त्यांची सहा वर्षं गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्पादन थांबवलं. गॅसच्या बाजूने बोलायला मला काही कारण उरलेलं नाही, हे आधी सांगतो.

तरी हीट पंप बसवा म्हटलं की काय होतं ते पाहा. नेदरलँड्समध्ये वीजजाळं इतकं भरलंय की कारखान्यांना नवी जोडणी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. आमची गल्ली १९२० च्या दशकातल्या घरांची, भिंतींत अस्तर नाही. पगारदार माणूस कर्ज काढून घर सुधारतो आणि बाहेर पडतो. भाडेकरू आणि म्हातारी माणसं गॅसवरच राहतात. गल्लीतली अर्धी घरं बाहेर पडली तरी नळाच्या देखभालीचा खर्च तेवढाच, मग उरलेल्यांचं बिल वाढतं. तुम्ही 'हिरवा गॅस घरांना नको' म्हणता तेव्हा ही उरलेली माणसं माझ्या डोळ्यांसमोर येतात. पंधरा वर्षं तरी त्यांना काहीतरी द्यावं लागेल. दहा टक्के का होईना, हिरवा गॅस द्यायला काय हरकत आहे?

दुसरा मुद्दा साठवणुकीचा. युरोपच्या भूमिगत साठ्यांत १०० अब्ज घनमीटरच्या आसपास गॅस मावतो. जानेवारीत आठवडाभर वारा पडतो आणि ढग हलत नाहीत, तेव्हा बॅटऱ्या काही तास पुरतात. साठ्यातला गॅस महिनाभर पुरतो. बायोमिथेन त्याच साठ्यात, त्याच नळाने जातं. जुन्या व्यवस्थेत नवं काही न बांधता बसणारा दुसरा अक्षय पदार्थ मला तरी माहीत नाही.

उत्तरवारा
रविवार, सकाळी ८:२०

मीटररीडिंग, तुमचा प्रतिसाद रात्री दोनदा वाचला. भाडेकरूंचं तुम्ही लिहिलंत ते मी पुरेसं ध्यानात घेतलं नव्हतं. आम्हीही भाड्यानेच राहतो, कोणता बॉयलर बसवायचा ते घरमालक ठरवतो.

तरीही मला वाटतं, याच माणसांना हिरव्या गॅसचं आश्वासन सर्वांत महाग पडेल. जर्मनीत २०२३ मध्ये घरतापनाचा कायदा किती भांडून झाला, ते तुम्ही पाहिलंच. नव्या यंत्रणेतली ६५ टक्के ऊब अक्षय हवी, हे मूळ सूत्र. तडजोडीत एक वाट ठेवली: आज गॅस बॉयलर बसवा, पुढे बायोमिथेन किंवा हायड्रोजन येईल. आमच्या गावच्या सभेत एका विक्रेत्याने 'हायड्रोजनसाठी सज्ज' असं लिहिलेला बॉयलर दाखवला. आमच्या भागात घरांपर्यंत हायड्रोजनचा नळ येण्याची कसलीही योजना तेव्हा नव्हती, आजही नाही. समोर सत्तरीतल्या बाई वहीत सगळं उतरवून घेत होत्या. उद्या बायोमिथेनवर कारखाने आणि जहाजं बोली लावतील, तेव्हा भाव किती चढेल? तो या बाई भरणार. त्यांच्या भिंतींना अस्तर घालायला आजच पैसे द्या, असं माझं म्हणणं आहे.

साठवणुकीच्या मुद्द्यावर मात्र पूर्ण सहमत. मला विचाराल तर बायोगॅसचं खरं काम तेच. आजवर आमच्या टाक्यांची इंजिनं वर्षभर, दिवसरात्र एकाच वेगाने चालत आली. जूनच्या दुपारी सौरवीज ओसंडून वाहते तेव्हाही ती सुरूच. कारण पैसे युनिटमागे मिळायचे. जानेवारी २०२५ मध्ये जर्मन संसदेने नियम बदलले. आता टाकीवाल्याला ठरावीक तासांपुरताच आधार मिळेल आणि गरजेच्या वेळी मोठ्या ताकदीने वीज देण्याची तयारी ठेवण्याचे वेगळे पैसे मिळतील. सरकारने इतक्या वर्षांत केलेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम आहे.

कुरणवाट
रविवार, दुपारी १२:०३

ब्रेटनीहून लिहिते आहे. फ्रान्सची बाजू थोडक्यात, कारण आमच्याकडे जर्मनीच्या चुका पाहून नियम केले गेले. मुख्य हंगामाची पिकं टाकीत १५ टक्क्यांहून जास्त घालता येत नाहीत. त्याऐवजी दोन मुख्य पिकांच्या मधल्या काळात राय, ओट अशी पिकं घेऊन ती टाकीत घालतात, जमीन उघडी राहत नाही. बहुतेक नवे प्रकल्प गॅस थेट वाहिनीत सोडतात, असे सातशेहून जास्त झाले आहेत. २०१५ च्या कायद्यात २०३० पर्यंत १० टक्के हिरव्या गॅसचं लक्ष्य आहे. इटलीतही दोन पिकांची हीच पद्धत जोरात आहे.

पण गावात शांतता नाही. ऑगस्ट २०२० मध्ये आमच्याच भागात, शातोलँ इथे, टाकी भरून वाहिली आणि स्लरी ओन नदीत गेली. जवळपास १ लाख ८० हजार लोकांना काही दिवस नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगण्यात आलं. मीही त्या रांगेत बाटल्या घेऊन उभी होते, कडेवर आठ महिन्यांची मुलगी. तेव्हापासून कुठेही नवी टाकी म्हटलं की लोक फलक घेऊन उभे राहतात. शहरातले जाणकार त्यांना अडाणी म्हणतात, ते मला सहन होत नाही. ज्याच्या विहिरीशेजारी तीन हजार घनमीटर स्लरी साठणार आहे त्याला प्रश्न विचारायचा हक्क आहे. राखीव बांध आहे का? रात्री पातळी वाढली तर कोणाचा फोन वाजतो?

आणि एक बोचरी गोष्ट. टाकी मोठी झाली की तिला रोज ठरलेलं शेण लागतं. मग गाई कुरणावर सोडण्याऐवजी गोठ्यातच बांधून ठेवणं सोयीचं होतं. माझ्या शेजारणीच्या साठ गाई वर्षातले आठ महिने बाहेर चरतात. तिला या सगळ्या योजनेत जागाच नाही, कारण तिचं शेण गोळाच होत नाही.

पाणकोंबडी
रविवार, दुपारी १:४७

कुरणवाट ताई, शेवटच्या परिच्छेदासाठी मनापासून आभार. युरोपीय नियमांत शेणापासूनच्या गॅसला हवामानाच्या हिशोबात खास सवलत मिळते, कारण ते शेण उघड्यावर राहिलं असतं तर त्यातून मिथेन सुटलं असतं असं धरतात. त्यामुळे त्याचं उत्सर्जन कागदावर शून्याच्याही खाली जातं. पण तुमच्या शेजारणीच्या कुरणात पडलेलं शेण तेवढं मिथेन सोडत नाही, ते वाळतं नि मातीत जातं. शेण साठवून बिघडवणाऱ्याला सवलत, न साठवणारीला काही नाही. आमच्याकडे २०३० पासून जनावरांच्या उत्सर्जनावर कर लागणार आहे. जनावरं कमी झाली तर शेणही कमी होईल. मग आज शेणाच्या भरवशावर बांधलेल्या टाक्या काय खाणार, हा प्रश्न इथे आता उघडपणे विचारला जातो.

चुलाणं
रविवार, दुपारी ४:३०

सगळं वाचलं. मुरघासावरून आमच्याकडचं सांगतो.

आपल्याकडं २०१८ ला शेण-कचऱ्यापासून गॅस बनवायची सरकारी 'सतत' योजना आली, गॅसचे पाच हजार कारखाने होणार म्हणाले, त्याच्या जवळपासही पोचलो नाही. आता २०२५-२६ पासून शहरी गॅसमध्ये एक टक्का बायोगॅस मिसळायचं बंधन आहे, २०२८-२९ पासून पाच टक्के. आमच्या पट्ट्यात साखर कारखान्यांचा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरणारा गाळ) टाकीत घालायला सुरुवात झाली आहे. काल-परवा एक एजंट येऊन गेला. नेपियर गवत लावा, गॅसवाले घेतील, हमीभाव देतो म्हणाला. माझ्या तीन एकरांत पाणी विहिरीचं. ऊस काढून गवत लावू का, असा विचार मनात आला होता. ताईंचा मक्याचा किस्सा वाचून थांबलो.

विचारायचं हे की, जर्मनीतल्या शेतकऱ्याला वीस वर्षांची लेखी हमी होती. ती संपल्यावर त्याची काय गत झाली? एजंटाकडं पाच वर्षांचासुद्धा कागद नाही.

(अवांतर: १८९७ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत मैल्याच्या टाकीतून निघणारा गॅस वापरत होते, असं वाचलंय. हे तंत्र आपल्याला परकं नाही.)

रसायनी
रविवार, सायंकाळी ५:१२

चुलाणं, कागद नसेल तर गवत लावू नका. प्रेसमड किंवा शेण विकायचं तर विका, ते तुमच्याकडे तसंही तयार होतंच. पण पाणी आणि जमीन एका खरेदीदाराच्या तोंडी शब्दावर अडकवू नका. आणि स्लरी परत मिळणार का, ते आधी विचारा. नत्र, स्फुरद, पालाश सगळं त्यातच राहतं, गॅसमधून फक्त कार्बन जातो. स्लरी कारखान्याने ठेवून घेतली आणि तुम्हालाच पोत्यात भरून विकली, तर तुम्ही आपलं खत विकत घेताय.

मीटररीडिंग
रविवार, सायंकाळी ७:०१

उत्तरवारा, सत्तरीतल्या त्या बाईंच्या भिंतीला अस्तर घालण्याचा मुद्दा मान्य. माझ्या सासऱ्यांच्या घरी भेग बुजवताना अस्तरही घातलं, त्यांचा गॅस निम्म्यावर आला. पण गवंडी मिळायला चौदा महिने लागले. तुमच्या धोरणात गवंडी कुठून आणणार, तेही लिहा. पैसा छापता येतो, गवंडी तयार व्हायला तीन वर्षं लागतात.

उत्तरवारा
रविवार, रात्री ९:३६

गवंड्यांचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या गावातही तीच अडचण आहे.

चुलाणं दादा, तुमच्यासाठी आज दुपारी आजोबांकडे जाऊन आले. त्यांना विचारलं, भारतातल्या एका शेतकऱ्याला सांगायचं आहे, तुमचं काय ठरलं? ते मला टाकीवर घेऊन गेले आणि सांगत गेले, मी वहीत लिहून घेतलं.

२००६ मध्ये टाकी बांधली तेव्हा सगळा भर मक्यावर. पहिली आठ वर्षं चांगली गेली. मग जमिनीचा खंड वाढला आणि शेवटची वर्षं जेमतेम बरोबरीत सुटली. याच काळात इथलं भूजल नायट्रेटने बिघडलं. नायट्रेट रोखायला पुरेसे उपाय केले नाहीत म्हणून २०१८ मध्ये युरोपच्या न्यायालयाने जर्मनीला दोषी ठरवलं, आणि स्लरी कुठे टाकायची हाच मोठा प्रश्न झाला. आता त्यांना ती भाडं भरून सव्वाशे किलोमीटरवर, जनावरं नसलेल्या धान्याच्या मुलखात पाठवावी लागते.

हमी संपायच्या आधी त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. टाकी बंद करणं, मोठं इंजिन बसवून फक्त गरजेच्या वेळी वीज विकणं, किंवा चार शेजाऱ्यांसोबत कच्चा गॅस एका नळाने एकत्र आणून सामायिक शुद्धीकरण यंत्र उभारणं. मुलाला मोठं इंजिन हवं होतं, सुनेला टाकी बंद करायची होती. शेवटी पाचही घरांनी मिळून शुद्धीकरणाची वाट धरली. मका एक तृतीयांशावर आणायचा, बाकी डुकरांचं आणि कोंबड्यांचं शेण. स्लरीच्या टाक्यांना झाकणं. (पाणकोंबडी, गळतीची मोजणी वर्षातून दोनदा असं त्यांनी आपसातल्या करारातच लिहिलं आहे. कायद्याने मागितलेलं नाही.) घरांना गॅस विकायचा नाही असं काही ठरवलेलं नाही, जो दहा वर्षांचा करार देईल त्याला. सध्या बोलणी एका वीटभट्टीशी चालू आहेत. तिला हजार अंशांची भट्टी लागते, हीट पंपाने तिचं काम होणार नाही.

वाहिनीच्या जोडणीचा अर्ज सोळा महिन्यांपूर्वी दिला, अजून उत्तर नाही. तोवर जुनं इंजिन चालू ठेवलंय.

दादा, तुमच्या एजंटाबद्दलही त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या माणसाच्या तीन एकरांत आज काय आहे? ऊस म्हटल्यावर म्हणाले, त्याला म्हणावं गवताची मुळं जमिनीत घालण्याआधी खरेदीचा कागद कपाटात हवा, आणि कागदावर वर्षं किती ते आकड्यांत नको, अक्षरांत लिहून घे.